बेडूक केव्हा फेकावा?

बोदवडसारख्या पाणीटंचाईच्या गावातला विद्यार्थी मासेमारीवर लिहितो, हे पाहून काही वाचकांना हसू येईल. परंतु तापी आणि पूर्णा यांचा चांगदेवचा संगम आपल्याला फार दूर नाही. हतनूर धरणाचे पाणी तेथवर पसरलेले असते. त्या उथळ, गवताळ पाण्यात मरळ राहते, आणि मरळीसाठी गळ टाकणारे आपल्या महाविद्यालयातही आहेत. हा लेख प्रथम त्यांच्यासाठी आहे.

पूर्वी मरळीच्या गळाला जिवंत बेडूक टोचीत. आता बाजारात रबरी बेडूक मिळतो. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी वापरतात तोच हा. तो आतून पोकळ असल्याने पाण्यावर तरंगतो. त्याचे दोन्ही आकडे पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो शेवाळात किंवा पाणकणसात अडकत नाही. माशाने तोंडात दाबला की अंग चेपते आणि आकडे उघडे पडतात. म्हणूनच पाणी उसळताच हिसका देऊ नये. क्षणभर थांबून, दोरी ताणली गेली की मगच ओढावे.

जागा ओळखणे कठीण नाही. खोल पाण्यात हा बेडूक व्यर्थ आहे. गुडघाभर ते कमरेइतके पाणी, जलपर्णीची कड, बुडालेल्या बाभळीची सावली, गवतातील मोकळी फट, ही मरळीची ठिकाणे. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही. हवा घेण्यासाठी ती अधूनमधून वर येते आणि मागे बुडबुडे सोडून जाते. ते जेथे दिसतील त्याच्या थोडे पलीकडे बेडूक टाकावा, हळूहळू ओढावा, मध्येच थांबवावा. दिवाळीच्या सुमारास सकाळ-संध्याकाळ चांगली. कडाक्याच्या थंडीत मरळ सुस्त असते, तेव्हा ऊन चढू द्यावे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पाणी आटते आणि तापते; त्या दिवसांत पहाटेची वेळ उत्तम.

आता मुख्य मुद्दा. अनेकांच्या मते मरळीचा खरा हंगाम पावसाळा, कारण तेव्हा ती बेडकावर हमखास तुटून पडते. ती तुटून पडते हे खरे. पण का, याचा विचार आपण करीत नाही. पावसाळा हा तिच्या विणीचा मुख्य काळ. गवतात जागा साफ करून ती अंडी घालते, आणि नर त्यांची राखण करतो. पुढे लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरू लागतो आणि आईबाप त्याच्याखाली पहारा देतात. त्या थव्यावर बेडूक पडला की मरळ तोंड उघडते ते भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी. ती बाहेर काढली की उरलेल्या थव्यावर इतर मासे आणि बगळे ताव मारतात. एक मासा आपल्या पिशवीत येतो, शेकडो पाण्यात संपतात. याला कौशल्य कसे म्हणावे?

रबरी बेडकाने खऱ्या बेडकाचा जीव वाचवला, ही चांगलीच गोष्ट झाली. परदेशी ताटांसाठी होणारी बेडकांच्या पायांची निर्यात आपल्या देशाने १९८७ साली बंद केली, कारण शेतातील किडे खाणारा हा प्राणी झपाट्याने कमी होत होता. बेडकाबद्दल आलेले शहाणपण मरळीबद्दल का येऊ नये?

कोणी म्हणेल, जाळेवाले एवढे मासे काढतात, तेथे आमच्या एका गळाने काय होणार? जाळे टाकणाऱ्याचे त्यावर पोट असते; आपला तो छंद आहे. छंदाला संयम परवडतो. शिवाय धरणातून बीज सोडले जाते ते बहुधा कटला, रोहू, मृगळ यांचे. मरळ स्वतःच्या बळावर वाढते. तिची पिल्ले गेली तर भरपाई करणारा कोणी नाही.

२००२ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीचाच एक आशियाई भाऊबंद सापडला. तेथे तो परका होता. इतर मासे फस्त करील या भीतीने तळ्यात विष घालून त्याला संपवावे लागले. येथे मरळ परकी नाही, आपल्या पाण्याची जुनी रहिवासी आहे. तिला संपवायला विषाचीही गरज नाही. चुकीच्या महिन्यातला गळ पुरे.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींची मासेमारी बंद असते, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून नव्या हंगामाला लागतात. आपल्या तळ्यांना नारळी पौर्णिमा नाही. ती आपणच ठरवावी लागेल. माझे मत असे की, मृगाच्या पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत मरळीसाठी बेडूक फेकू नये, आणि एरवीही लाल पिल्लांचा थवा दिसला की दोरी गुंडाळून दुसरी जागा पाहावी. कायद्याने सांगण्याची वाट कशाला पाहायची? बेडूक कोठे फेकावा हे चार दिवसांत शिकता येते. केव्हा फेकू नये हे ज्याला कळले, त्यालाच मी गळकरी म्हणेन.