झाडाला मॅचिंग कशाला हवं?



डिसेंबर जवळ आला की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर परदेशातल्या लेकी-सुनांच्या घरचे फोटो येऊ लागतात. नाताळचं झाड, खाली भेटींची खोकी, शेजारी नातवंडं. आणि त्याखाली एक प्रश्न हमखास असतो, "यंदा कलर थीम कोणती?" कुणाचं पांढरं-चंदेरी, कुणाचं निळं-सोनेरी, कुणाचं फिकट गुलाबी. मागच्या वर्षीचं लाल-सोनेरी कुठे गेलं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून मी आज स्पष्टच लिहिते. झाडासाठी दरवर्षी नवी रंगसंगती ठरवणं ही परंपराही नाही आणि कलाही नाही. ती दुकानदाराची सोय आहे. झाडाचे रंग दुकानात नाही, घरातल्या जुन्या खोक्यात शोधायचे असतात.

आधी एक शंका बाजूला करते. "जैनाच्या घरात हे झाडच कशाला?" असं काहीजणी म्हणतील. तो ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे. माझी लेक न्यू जर्सीत राहते. शेजारचे लोक दिवाळीला तिच्या दारातल्या पणत्या बघायला येतात, डिसेंबरात माझ्या नाती त्यांच्या सणात सामील होतात. घरातला देव्हारा आणि रोजचा णमोकार आपल्या जागी आहेत. झाड घडी करून ठेवायचं आहे, तोडून आणलेलं नाही. त्यामुळे माझी तक्रार झाडाबद्दल नाही, झाडाला चढवलेल्या मॅचिंगबद्दल आहे.

ज्यांचा हा सण आहे, त्यांनी झाड कसं सजवलं ते बघू. मध्ययुगात जर्मन मुलखात २४ डिसेंबरला आदम आणि ईव्ह यांची आठवण करत. त्यांच्या कथेच्या नाटकात स्वर्गातलं झाड म्हणून हिरवं सुचीपर्णी झाड उभं करत आणि त्याला लाल सफरचंदं टांगत. लाल-हिरव्याची जोडी इतकी जुनी आहे. पुढे १६०५ सालची स्ट्रासबर्ग शहरातली एक नोंद सापडते. लोक घरात फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापडीसारख्या वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई लावतात, असं त्यात लिहिलं आहे. नीट वाचा, रंगीबेरंगी कागद! घरातल्या झाडाच्या सगळ्यात जुन्या वर्णनांपैकी हे एक, आणि त्यात थीम नाही. जे खायला होतं आणि जे हाताने करता आलं, ते झाडावर गेलं.

मग काचेचे गोळे आले. जर्मनीत थुरिंगियामधल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकात ते घरोघरी फुंकून बनवू लागले. पुरुष काच फुंकायचे, बायका आणि मुलं आतून चांदीसारखा मुलामा द्यायची, बाहेरून रंगवायची. नुसते गोळेच नव्हते, अक्रोड, द्राक्षं, सफरचंदंही काचेत उतरली. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं. ते चित्र पाहून इंग्लंड-अमेरिकेतल्या घराघरांत झाडाची हौस पसरली. गंमत अशी की चित्र काळ्या शाईचं होतं. लोकांनी झाड उचललं, पण रंगसंगती उचलायला त्यात रंगच नव्हते.

ठरवून निवडलेले रंग कुणी लावले? १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे. झाड फिरतंही होतं. जॉन्सन वीज विकणाऱ्या कंपनीत होते. म्हणजे विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड, आणि तेच जाहिरातीसारखं! मी त्यांना दोष देत नाही. धंदा करणारा धंदा करणारच. प्रश्न आपला आहे, की जाहिरातीला आपण रीत कधीपासून म्हणू लागलो.

थीमचं समर्थन करणाऱ्या नेहमी व्हाइट हाउसचं उदाहरण देतात. तिथे १९६१ मध्ये जॅकलीन केनेडी यांनी 'नटक्रॅकर' या बॅलेच्या कल्पनेवर झाड सजवलं आणि तेव्हापासून तिथे दरवर्षी थीम ठरू लागली, हे खरं आहे. पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक, ती थीम गोष्टीची होती, रंगाची नव्हती. खेळणी, परी, पक्षी असा तो संसार होता. दुसरी, १९६२ च्या झाडावर त्यांनी आदल्या वर्षीच्या पुष्कळ वस्तू पुन्हा वापरल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला जुनं खोकं उघडायची लाज वाटली नाही आणि आपल्या मुलींना मात्र वाटते.

त्याच काळात अमेरिकेत ॲल्युमिनियमची चंदेरी झाडं आली होती. त्यांच्यावर विजेच्या माळा लावल्या तर धक्का बसायची भीती, म्हणून खाली दिव्यासमोर रंगीत फिरतं चाक ठेवायचे. झाड क्षणात लाल, क्षणात निळं. १९६५ मध्ये 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा कार्टूनपट टीव्हीवर आला. त्यातला मुलगा असल्या झगमगीत झाडांमधून एक किडकिडीत खरं झाड निवडतो. पुढच्या काही वर्षांत ती चंदेरी झाडं मागे पडली. फॅशनचं आयुष्य एवढंच असतं.

आपल्याला हे नवं आहे का? नवरात्रीचे नऊ रंग आठवा. आपल्या आईच्या काळात सोमवारी कोणती साडी आणि मंगळवारी कोणती, असं काही नव्हतं. मराठी वर्तमानपत्रांनी ते रुजवलं आणि आपण डोळ्यांदेखत पाहिलं. आज ऑफिसात एखादीने वेगळा रंग नेसला तर तिला विचारतात, "काय गं, विसरलीस?" जणू नियमच मोडला. झाडाच्या थीमचं तसंच होत चाललं आहे.

आता हिशेब. बी.कॉम.ला आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवला. यंत्र घेतलं तर भांडवली, कारण ते वर्षानुवर्षं कामाला येतं. त्यात तेल घातलं तर महसुली, कारण ते वर्षात संपतं. झाडावरची वस्तू मुळात भांडवली. एकदा घेतली की तीस वर्षं टिकते, आणि तिच्यावर घसाराही लागत नाही, उलट जितकी जुनी तितकी घरात तिची किंमत वाढते. बाजाराने काय केलं? 'या वर्षीचा रंग' असं म्हणून त्याच वस्तूचा महसुली खर्च करून टाकला. गोळा फुटलेला नसतो, रंग उडालेला नसतो, तरी तो बाद! माझ्या लेकीच्या गॅरेजमध्ये चार वर्षांच्या चार थीमची खोकी आहेत. मी त्यांवरच्या किमती वाचून बेरीज केली, ६१० डॉलर झाली. वाणसामानात दहा डॉलर वाचवायला हीच मुलगी कूपनं कापते.

पैशाचं एक वेळ सोडा, कमावती आहे. पण आपण ज्या घरात वाढलो तिथे परिग्रहाला परिमाण घालायचं व्रत असतं. किती साड्या, किती भांडी, हे आधी ठरवायचं आणि तिथे थांबायचं. सणाच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

आणि सगळ्यात मोठं नुकसान बेरजेत येतच नाही. धाकट्या नातीने शाळेत मिठाच्या पिठाची चांदणी केली होती, भडक नारिंगी. त्या वर्षी थीम होती पांढरी-चंदेरी. चांदणीला जागा मिळाली ती झाडाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला. तसंच ह्यांनी सावंतवाडीच्या चितार आळीतून नातींसाठी नेलेल्या छोट्या लाकडी फळांचं झालं. आंबा, केळं, सीताफळ, डाळिंब, प्रत्येकाला ह्यांनी स्वतः दोरा ओवला होता. हे जाऊन आता चार वर्षं झाली. फळं खोक्यातच आहेत. लेक म्हणते, "अगं आई, फेकली नाहीत मी. यंदाच्या रंगात बसत नाहीत एवढंच." पण चार वर्षं कुठल्याच रंगात न बसलेली वस्तू आणि फेकलेली वस्तू, यांत मुलांच्या दृष्टीने काय फरक राहतो? धाकटीला आजोबा आठवत नाहीत. ती फळं झाडावर असती तर निदान विचारलं असतं, "हा आंबा कुणी आणला?"

झाड म्हणजे पैठणी नव्हे, की काठाला पदर जुळलाच पाहिजे. झाड म्हणजे वाकळ. आजीचं इरकल, आईची सुती साडी, मुलाचा फाटका सदरा, सगळे तुकडे एकत्र शिवलेले. वाकळ पांघरताना कुणी म्हणत नाही की हा तुकडा मॅच होत नाही. कोणता तुकडा कुणाचा, हे सांगण्यातच तिची ऊब आहे.

"पण मग झाड गबाळं दिसतं," असं माझी लेकच म्हणते. गबाळं दिसतं ते रंगांमुळे नाही, लावण्यामुळे. दहा रंगांची रांगोळी आपण घालतोच की. तर माझी पद्धत ऐका.

सगळी खोकी एकदम एका चादरीवर रिकामी करा. कोणता रंग जास्त आहे ते आपोआप दिसेल. त्याच रंगाची एक फीत घ्या आणि वरपासून खालपर्यंत सैल फिरवा. घरात जुन्या साडीचा काठ असेल तर तोही चालेल. वस्तू रंगीबेरंगी असतील तर दिवे मात्र एकाच रंगाचे, पिवळसर उजेडाचे. एकसारखा उजेड सगळ्या रंगांना सांभाळून घेतो. मोठे आणि गडद गोळे आत, खोडाजवळ, हलके आणि छोटे फांद्यांच्या टोकाला. एका रंगाच्या दोन वस्तू शेजारी नकोत, तीन ठिकाणी त्रिकोण करून विखरा. लाल वस्तू पुढे ठेवा. रंगचक्रात लाल आणि हिरवा समोरासमोर येतात, म्हणून एकमेकांना उठाव देतात. जुन्या लोकांना सफरचंदं शोभून दिसली ती उगीच नाही. निळा-जांभळा हिरव्यात बुडतो, त्याला दिव्याजवळ जागा द्या. मुलांनी केलेल्या वस्तू त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, समोर. यात एक डॉलरही खर्च होत नाही.

काहीजणी म्हणतील, रंगांना अर्थ असतो, कसेही लावून कसं चालेल? चर्चमध्ये असतोच. कॅथलिक चर्चमध्ये नाताळच्या आधीच्या आठवड्यांत जांभळा रंग, वाट पाहण्याचा, आणि नाताळला पांढरा किंवा सोनेरी, आनंदाचा. तो अर्थ पिढ्यान् पिढ्या तोच राहतो, म्हणून तर तो अर्थ. दर डिसेंबरला जो बदलतो त्याला अर्थ नव्हे, सेल म्हणतात.

आपल्या मंदिरावरचा ध्वज बघा. पांढरा अरिहंतांचा, लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, हिरवा उपाध्यायांचा आणि गडद निळा किंवा काळा साधूंचा. पाच रंग, पाचही वेगळे, एकाच कापडावर. कुणी आजवर म्हणालं का, की यंदा जरा फिकट गुलाबी करू या? प्रत्येक रंगाचं आपलं ठिकाण आहे, म्हणून पाचही एकत्र शोभतात. झाडावर माणसांचं तसं करा. आजोबांचा आंबा, मुलीची नारिंगी चांदणी, शेजारणीने दिलेला काचेचा पक्षी, पहिल्या वर्षी घेतलेला स्वस्तातला लाल गोळा, सगळ्यांना ठिकाण द्या.

तेव्हा मैत्रिणींनो, परदेशातल्या लेकीशी, सुनेशी याच आठवड्यात बोला. थीम विचारू नका. "जुन्या खोक्यांत काय काय आहे, ते व्हिडिओवर दाखव," म्हणा. दुकानात जायच्या आधी म्हणा, नंतर उपयोग नाही. आणि पहिली वस्तू घरातल्या सगळ्यात लहान मुलाला लावू द्या, त्याला हवी ती, हवी तिथे.