मनातली मांडणी

आपल्या घराला खिडक्या किती, असे कुणी विचारले की माणूस क्षणभर थांबतो, मनाने एकेका खोलीत जाऊन येतो आणि आकडा सांगतो. एवढ्यावरून आपली खात्री पटते की मनात घराचे चित्र टांगलेले आहे आणि आतला डोळा ते न्याहाळतो. ही समजूत जुनी आणि सोयीची असली तरी ती चूक आहे. आत खरोखरच चित्र असते, तर आधी लक्षात न आलेली गोष्टही त्यात नंतर शोधता आली असती. 1985 साली चेंबर्स आणि रायझबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच तपासले. एका बाजूने पाहिले तर बदकाची चोच, दुसऱ्या बाजूने पाहिले तर तेच सशाचे कान, असे ते प्रसिद्ध रेखाचित्र त्यांनी लोकांना थोडा वेळ दाखवले. ज्याला बदक दिसले होते, त्याला आठवणीतल्या आकृतीत दुसरे काही दिसते का, असे विचारले. एकालाही ससा सापडला नाही. मग त्या लोकांनी तीच आकृती आठवणीने कागदावर उतरवली आणि स्वतःच्याच हातच्या रेघांत त्यांना ससा दिसला! मनात ठेवलेल्या आकृतीत ‘हे बदक, ही त्याची चोच’ हा निवाडा आधीच मुरलेला होता. नकाशाचेही तसेच. पुणे घाटावर आणि पणजी समुद्रकाठी, म्हणून पणजी पुण्याच्या बरीच पश्चिमेला असणार असे सहज वाटून जाते. प्रत्यक्षात किनारा दक्षिणेकडे जाताना पूर्वेला कलत जातो आणि दोन्ही शहरे 73.8 अंश रेखांशाच्या आसपासच आहेत. भिंतीवरचा नकाशा कितीही वेळा पाहिलेला असो, मन हिशेब करते तो ‘घाट’ आणि ‘किनारा’ यांच्यावरून.

मग मनात नुसती वाक्येच असतात का? झेनॉन पिलिशिन यांनी 1973 पासून साधारण तसाच पक्ष मांडला, आणि तो हलका नाही. 1971 मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ठोकळ्यांच्या दोन आकृत्या एकच आहेत का, असे विचारले, तेव्हा त्यांच्यातला कोन जितका मोठा तितका उत्तराला वेळ जास्त लागला. पिलिशिन यांच्या मते यातून मनात काही फिरते हे सिद्ध होत नाही. खरी वस्तू फिरायला वेळ लागतो हे माणसाला ठाऊक असते आणि तो नकळत तसेच वागतो. पण मिलानच्या दोन रुग्णांपुढे हा पक्ष टिकत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या या रुग्णांना बिसियाक आणि लुझात्ती यांनी शहरातला कॅथेड्रलचा चौक आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत असे कल्पून त्यांनी मुख्यतः उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून समोर पाहा, असे म्हटल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती त्यांच्या तोंडी आल्या आणि मघाच्या नाहीशा झाल्या. माहिती शाबूत होती. ती नुसत्या वाक्यांत असती, तर उभे राहण्याची जागा बदलल्याने अर्धा चौक पुसला गेला नसता. मनात जागेची मांडणी असते, आणि तिला डावे-उजवे असते.

यावर असा आक्षेप येतो की कल्पना करताना मेंदूचे दृष्टीचे भागही जागे होतात, म्हणजे शेवटी चित्रच. डोळस माणसाचे मन डोळ्यांची मदत घेते, हे मान्य. पण मार्मर आणि झॅबॅक यांनी 1976 मध्ये जन्मांधांच्या हाती आकृत्या दिल्या, तेव्हा त्यांचाही वेळ कोनाबरोबर वाढत गेला. तिथे चित्र आणायचे कुठून? म्हणूनच डोळे मिटल्यावर ज्यांना काहीच किंवा जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यांना कल्पनाशक्तीच नाही असे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. 2015 मध्ये ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 21 जणांची नोंद केली आणि या अवस्थेला ‘ॲफँटेशिया’ हे नाव दिले. या लोकांनाही घराच्या खिडक्या मोजायला सांगितले होते. जवळजवळ काही दिसत नसतानाही त्यांनी त्या मोजल्या.