दोन जोरांचा दगड

भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन खडकांत, कायनाइट सापडतो. भट्टीच्या तापाला न हटणाऱ्या विटा करण्यासाठी त्याला मागणी. बँकेच्या वहीत अशा खनिजाला टन आणि दर एवढेच रकाने असतात. त्यापलीकडे दगडाला काही गुण असेल, असे वहीला वाटत नाही.

पण या दगडाचा खरा गुण दिशेत आहे. त्याची लांबट पाती चाकूने लांबीच्या दिशेने ओरखडते; आडवा चाकू फिरवा, ओरखडा उठत नाही. म्हणून आयुई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याला ‘डिस्थीन’, म्हणजे दोन जोरांचा, हे नाव दिले. एकाच पदार्थाने दिशेनुसार निराळे वागावे, याला विषमदिक्‌ता म्हणतात. प्रकाशाच्या बाबतीत ती थरांच्या स्फटिकांत फारच ठळक होते.

महामार्गावरच्या गॅरेजात जे काळे ‘मोली’ ग्रीस मिळते, त्यात मोलिब्डेनम डायसल्फाइड असते. त्याच्या थरातले बंध पक्के, थराथरांमधले अगदी सैल. म्हणून थर घसरतात आणि वंगण होते. याच रचनेमुळे प्रकाशाची कंपने थराच्या पातळीत असली तर अपवर्तनांक एक, थराला काटकोनात असली तर बराच कमी. अक्षरे दुहेरी दाखवणाऱ्या कॅल्साइटमध्ये (आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तो भरपूर) हा फरक ०.१७. मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये, अवरक्त प्रकाशासाठी, तो सुमारे १.५ असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. चिपवर प्रकाशाच्या शेजारशेजारच्या वाटांमध्ये होणारी गळती अशा स्फटिकाने रोखता येईल, वाटा नॅनोमीटरच्या मापात जवळ आणता येतील, अशी संशोधकांची अपेक्षा आहे.

हे ऐकून आपली मुले ‘परदेशातले विज्ञान’ म्हणून पुस्तक मिटतात, हे मला खटकते. ज्या जिल्ह्यातून दोन जोरांचा दगड ट्रक भरभरून गेला, तिथल्या किती शाळांच्या कपाटात त्याचा एक तुकडा आहे? प्रयोगशाळेच्या अनुदानाची वाट पाहायला नको. खाणीवरून पाटीभर कायनाइट आणि एक चाकू, एवढ्यात पहिला तास होतो. दुसऱ्यासाठी अभ्रकाचा पापुद्रा घ्यावा, आणि दोन नादुरुस्त कॅल्क्युलेटरांच्या काचेवरची पोलरॉइडची पट्टी. पट्ट्या आडव्या-उभ्या धरल्या की अंधार. मध्ये अभ्रक सरकवून हळूहळू फिरवले की त्या अंधारात रंग उमटतात, आणि पापुद्रा आणखी सोलला की रंग बदलतात.