मोतिबिंदु आणि केराची टोपली

मोतिबिंदूची शस्त्रक्रिया हा आतां घरांत फारसा घोर लावणारा प्रसंग राहिलेला नाहीं. सकाळीं गेलेले आजोबा सायंकाळीं डोळ्यावर पट्टी बांधून परत येतात. परंतु त्या अर्ध्या घटकेच्या कामाचा पृथ्वीवर किती भार पडतो, हा हिशेब आपल्या मनांत येत नाहीं. तो मांडला गेला आहे, आणि वाचण्यासारखा आहे.

वेल्समधील कार्डिफ येथील हिशेब २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एका डोळ्यामागें सुमारें १८० किलो कार्बन डायऑक्साइडाइतका तापकारक वायु! त्यांत निम्म्याहून अधिक वांटा औषधें, उपकरणें इत्यादि वस्तूंच्या खरेदीचा. २०१७ सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील अरविंद नेत्ररुग्णालयांचा आंकडा आला, तो सुमारें ६ किलो. केर अवघा पाव किलो. दोन्ही हिशेबांची रीत अगदीं एकच नाहीं. तरी एवढी तफावत रीतीच्या फरकानें भरून निघत नाहीं.

१९७६ सालीं डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनीं मदुराईस अकरा खाटांवर हें रुग्णालय काढलें. तेथें एका खोलींत दोन टेबलें असतात. एकावरील काम संपतांच शस्त्रवैद्य सूक्ष्मदर्शक दुसऱ्याकडे वळवितो. झगे कापडाचे, धुऊन पुन्हा वापरावयाचे. उपकरणें वाफेनें निर्जंतुक होऊन परत येतात. थेंबांची एक कुपी अनेकांस पुरते. पाश्चात्त्य रुग्णालयांत हीच कुपी एका रुग्णानंतर बव्हंशीं भरलेली असतांही टोपलींत जाते. (आपल्या आजीचें सोंवळें रोज धुतलें जाई, तें कोणीं टाकून दिल्याचें ऐकिवांत नाहीं.)

मग डोळ्यांस बाधा होत असेल, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. अरविंदच्या वीस लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी २०१९ सालीं छापल्या गेल्या. शेवटीं डोळ्यांत प्रतिजैविक सोडलें असतां दहा हजारांत सुमारें दोघांसच जंतुबाधा झाली. यावरून वाटेल त्या दवाखान्यानें वाटेल ती वस्तु पुन्हा वापरावी असें मात्र कोणी समजूं नये. आधीं तेथील शिस्त हवी, आणि तितकीच काटेकोर नोंदवहीहि हवी.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत तेराशेंहून अधिक नेत्रशस्त्रवैद्यांस व परिचारिकांस विचारलें, तेव्हां शेंकडा ९३ जणांनीं शस्त्रक्रियागृहांतील केर अवाजवी असल्याचें सांगितलें. टोपली भरणारे हात त्यांचेच. परंतु कुपी उचलून ठेवण्याची मुभा त्यांतील अनेकांस नियम देत नाहींत.