संगीताचे गुरुजी : पंडित रातंजनकर आणि शाळेतील गायनाचा तास

आपल्या समाजात गवयाचा सत्कार होतो. परंतु गवई घडविणाऱ्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. मैफल जिंकणाऱ्याच्या गळ्यात हार पडतात आणि ज्याने त्या गळ्यास स्वराचे पहिले वळण लावले, तो आपल्या खोलीत दुसऱ्या मुलासाठी पुन्हा तंबोरा जुळवीत बसलेला असतो. ह्या उपेक्षेचा परिणाम असा होतो की, संगीत ही थोड्या भाग्यवंतांची मिरास आहे, आपल्या मुलांशी तिचा काही संबंध नाही, असे खेड्यापाड्यांतील पालकवर्गास वाटू लागते. ही समजूत किती चुकीची आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते, त्या पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

रातंजनकरांचा जन्म मुंबईत १८९९ सालच्या अखेरीस झाला. वडील पोलीसखात्यात नोकरीस होते. घराणे गवयांचे नव्हे. तरी वडिलांस गाण्याची गोडी होती व तीमुळे मुलास बाळपणीच स्वरज्ञान मिळाले. पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांची दृष्टी ह्या मुलावर गेली. भातखंडे (१८६०–१९३६) हे स्वतः वकिलीची परीक्षा उतरलेले गृहस्थ. परंतु वकिली सोडून त्यांनी हिंदुस्थानभर प्रवास केला, उस्तादांच्या कंठात दडून राहिलेल्या शेकडो चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत सर्वांसाठी छापून टाकल्या. अशा गुरूच्या हाताखाली रातंजनकर तयार झाले. परंतु केवळ पुस्तकी विद्येवर त्यांचे शिक्षण थांबले नाही. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून ते आग्रा घराण्याचे थोर गायक फैयाझखाँ ह्यांच्यापाशी शिकले आणि त्याबरोबर विद्यापीठाची पदवीही त्यांनी संपादन केली.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी गाणे व शिक्षण ही दोन तोंडे दोन दिशांना असलेली वाटत. गवयाने शाळेत जाऊ नये आणि शाळेत जाणाऱ्याने गाऊ नये, असा जणू अलिखित कायदाच होता. रातंजनकरांनी तो आपल्या आचरणाने मोडला. उस्तादासमोर बसून गळा तयार करणे आणि ग्रंथ उघडून शास्त्र समजून घेणे ह्या दोहोंस त्यांनी सारखाच मान दिला.

१९२६ साली लखनौ येथे 'मॅरिस कॉलेज' ह्या नावाने संगीतमहाविद्यालय निघाले. १९२८ पासून त्याची धुरा रातंजनकरांच्या खांद्यावर आली व ती त्यांनी जवळजवळ तीन दशके वाहिली. ह्या महाविद्यालयास पुढे भातखंडे ह्यांचे नाव देण्यात आले व आज ते विद्यापीठ होऊन बसले आहे. ऐन उमेदीची वर्षे रातंजनकरांनी मैफली गाजविण्यात घालविली असती, तर त्यांच्या कीर्तीस काय तोटा होता? परंतु रोज सकाळसंध्याकाळ विद्यार्थ्यांच्या चुका ऐकणे, त्या न कंटाळता सुधारणे व पुन्हा तेच सांगणे हा मार्ग त्यांनी पत्करला. टाळ्यांचा नाद कानावर न पडता केवळ कर्तव्यबुद्धीने दररोज तोच धडा देणे किती कठीण आहे, हे ज्याने शिक्षकाचा पेशा केला आहे तोच जाणे.

त्या कष्टांचे फळ मात्र भरघोस आले. दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, चिन्मय लाहिरी, सुमति मुटाटकर, व्हायोलिनवादक वि. गो. जोग ही सारी नामवंत मंडळी त्यांच्याच शाळेतली. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे के. जी. गिंडे तर बाळपणीच लखनौस गेले आणि गुरुगृही घरच्या मुलाप्रमाणे वाढले. ह्या शिष्यांपैकी बहुतेकांनी पुढे स्वतः विद्यादान केले, हे विशेष होय. जो दिवा दुसरा दिवा लावतो, त्याचा उजेड कमी होत नाही. उलट अंधार मात्र दुप्पट मागे हटतो.

रातंजनकर नुसते शिक्षक नव्हते. ते रचनाकारही होते. 'सुजान' ह्या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या आणि त्यांतील पुष्कळशा 'अभिनव गीतमंजरी'च्या भागांत प्रसिद्ध झाल्या आहेत. मार्गबिहाग, केदारबहार, सालगवराळी असे नवे राग त्यांनी प्रचारात आणले. दक्षिणेकडील संगीताचाही त्यांनी आदराने अभ्यास केला व त्यातील वर्णमाच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत रचना केल्या. रागाचे नियम म्हणजे बेड्या आहेत, असे समजणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. व्याकरण जाणणाराच नवे वाक्य निर्दोष बोलू शकतो. त्याचप्रमाणे नियम ज्याच्या अंगी मुरले आहेत, तोच जुन्याची मर्यादा राखून नवे निर्माण करू शकतो.

आता त्यांच्या कार्यावरील आक्षेपांचाही विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा की, स्वरलिपीने गाणे शिकता येत नाही. कागदावर 'सा रे ग म' लिहून रागाचा प्राण हाती लागत नाही. हे म्हणणे खोटे नाही. मिंड, आंदोलन, स्वराचा लगाव ह्या गोष्टी गुरुमुखातूनच घ्याव्या लागतात. परंतु कागद हा गुरूच्या जागी यावा, असे रातंजनकरांनी कोठे म्हटले? ते स्वतः खाँसाहेबांपुढे बसूनच शिकले होते. लिपी ही केवळ आठवणीची शिदोरी होय. ती नसती तर कित्येक चिजा त्या त्या उस्तादाबरोबरच मातीत गेल्या असत्या.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. १९५० नंतरच्या दशकात आकाशवाणीने गायक-वादकांची परीक्षा घेऊन त्यांच्या श्रेणी ठरविण्याचा उपक्रम आरंभिला आणि त्या परीक्षकांत रातंजनकर प्रमुख होते. ज्यांचे उभे आयुष्य गाण्यात गेले, त्यांनी पुन्हा परीक्षेस बसावे काय, असा सवाल करून अनेक कलावंत संतापले. आमच्या मते त्या संतापात तथ्य होते. शिकणाऱ्याची परीक्षा घेणे निराळे आणि पिकलेल्या कलावंतास प्रश्नपत्रिकेने मोजणे निराळे. परीक्षा ही पायरी आहे. तिला कळस मानू नये. मात्र एवढ्यावरून शाळेतील पद्धतशीर शिक्षणच निरर्थक ठरविणे, म्हणजे शिडी कळसाला पुरत नाही म्हणून पहिली पायरीही न चढण्यासारखे होईल.

हे सर्व कारंज्यासारख्या गावातील वाचकांस का सांगावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर जवळच आहे. आमच्या गावावरून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच मोझरीचा गुरुकुंज लागतो. तेथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीवर खेडोपाडीचा माणूस जागा केला. आमच्याच जिल्ह्यातील सेवाग्रामच्या प्रार्थनेत भजनास स्थान होते. ख्रिस्ती मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी भजनांचा ओघ उपासनेत आणला आणि परक्या चालींच्या जागी ह्या मातीची चाल बसविली. दिंडी, काकडा, भारूड, पोळ्याच्या झडत्या हे तर आमच्या घरचेच धन. म्हणजे कान आम्हांस आहेत. उणीव आहे ती शिक्षणाची. रातंजनकर लखनौहून निवृत्त झाल्यावर १९५७ च्या सुमारास ज्या खैरागडच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ते विद्यापीठही काही दूरदेशी नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात त्याची स्थापना झाली, तेव्हा खैरागड व आमचा वर्धा जिल्हा ही दोन्ही एकाच राज्यात होती!

तरीही गावोगावच्या शाळांच्या वेळापत्रकात गायनास जागा मिळत नाही. स्नेहसंमेलन जवळ आले की चार मुलांस घाईने एक गीत पाठ करून घ्यावयाचे, आणि ते आटोपले की पेटीवर वर्षभर धूळ बसू द्यावयाची, हा पुष्कळ ठिकाणचा परिपाठ आहे. पालक म्हणतात, "गाण्याने पोट भरते काय?" कापसाचा भाव व पावसाचा लहरीपणा ह्यांत ज्यांचा जीव टांगलेला, त्यांच्या तोंडी हा प्रश्न यावा ह्यात नवल नाही आणि त्याची थट्टा करणे हृदयशून्यपणाचे होईल. परंतु त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो : मुलास कविता शिकविता, ती काय कवी होऊन पोट भरण्यासाठी? सुरात गाणारा मुलगा आधी ऐकावयास शिकतो. दहाजणांबरोबर एका लयीत चालावयास शिकतो. आपली चूक आपल्याच कानाने ओळखावयास शिकतो. हे तीन गुण ज्याच्या अंगी आले, तो शेत करो की कचेरीत बसो, कोठेही उणा पडणार नाही.

हल्ली दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षा उतरलेल्यांस काही वाढीव गुण मिळतात. तेवढ्यासाठी तरी मुले गाण्याकडे वळत असतील तर वळोत. परंतु गुणांसाठी शिकलेले गाणे गुणपत्रिकेबरोबर कपाटात जाते. आणि खिशातील मोबाईलवर जगातील सर्व गाणे ऐकू येते, मग शिकावयाचे कशास, असे म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावेसे वाटते की, दुसऱ्यास जेवताना पाहून कोणाची भूक भागली आहे?

आमची मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक तास, एक पेटी, एक तबलाजोडी आणि मन लावून शिकविणारा एक शिक्षक. पाचवीपासून अलंकार, मग भूप, दुर्गा, काफी असे सोपे चार राग, आणि त्यांच्या जोडीस आपल्याच गावातील भजनांच्या चाली. एवढ्याने गावोगाव रातंजनकर निपजतील, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु उत्तम श्रोते खचित निपजतील, आणि श्रोत्यांवाचून गवई कोणासाठी गाईल?

रातंजनकरांस १९५७ साली 'पद्मभूषण' हा किताब मिळाला. १९७४ साली ते निवर्तले. परंतु त्यांचे खरे स्मारक त्या किताबात नाही. ज्या ज्या वर्गात आज एखादा शिक्षक एखाद्या मुलाचा चुकलेला निषाद न रागावता दुरुस्त करीत असेल, तेथे ते आहे. असा एक वर्ग आपल्या गावातही असावा, ह्यासाठी पालकांनी शाळेकडे आग्रह धरावा व विद्यार्थ्यांनी आपल्या निष्ठेने तो भरलेला ठेवावा, एवढीच विनंती.