मुंग्या जास्वंदीवर कशाला चढतात?

मिरजेच्या एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. मागच्या अंगणात तिची चारच झाडे. तुळस, जास्वंद, कढीलिंब आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेले लिंबू. जास्वंदीला रोज देवापुरती फुले यायची. आता कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि देठादेठावर मुंग्यांची रांग. ती लिहिते, "मुंग्याच कळ्या खातात असं वाटतं. यजमानांनी पावडर आणून ठेवली आहे. टाकू का? घरात दीड वर्षाचा मुलगा आहे."

बाई गं, आधी ती पावडर मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेव. मग पुढचे वाच.

मैत्रिणींनो, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता. आमच्या सासूबाई मुंग्यांच्या बिळाशी रोज चिमूटभर पीठसाखर टाकायच्या. मला ते मुळीच पटायचे नाही. मुंग्या पोसायच्या आणि मग घरभर होतात म्हणून कुरकुरायचे! एकदा त्या चार दिवस गावाला गेल्या. तेव्हा घरोघर मिळणारी गॅमेक्झिनची पावडर मी तुळशीवृंदावनाच्या कडेने सढळ हाताने पसरली. सासूबाई परतल्या तर नातवाला खोकला. त्यांनी तुळशीची पाने खुडली, काढा केला आणि पेला त्याच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात मी आत आले. पेला हिसकावून मोरीत ओतला तेव्हा माझे हात थरथरत होते. सासूबाईंना काही कळेना. मी खरे काय ते सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, मला सांगायचं तरी होतंस." रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

ती पावडर म्हणजे बी.एच.सी. तिच्यावर आपल्याकडे १९९७ साली बंदी आली. तिच्यातलेच लिंडेन वापरणेही २०१३ पासून बंद झाले. माळ्यावर जुना डबा सापडलाच, तर मोरीत ओतू नका, जाळूही नका. घट्ट बंद करून घरातला घातक कचरा म्हणून वेगळा द्या. हल्लीच्या पावडरीही विषच आहेत, आणि मुंग्यांसाठी रेघ ओढायचा खडू तर मुलांना पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो. ज्या झाडाचे पान आपण तोंडात घालतो, त्याच्या बुडाशी यातले काहीही नको.

आता जास्वंदीकडे वळू या. उद्या सकाळी एक कळी उलटून देठ नीट बघ. बारीक हिरवे, पिवळे किंवा काळे किडे चिकटलेले दिसतील, तो मावा. कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ते पिठ्या ढेकूण. झाडाचा रस हे पितात आणि कळ्या गळतात त्या मुख्यतः यांच्यामुळे. प्यालेल्या रसातली जास्तीची साखर ते चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. मुंग्या येतात त्या थेंबांसाठी. मुंग्यांचा तो दुभत्या जनावरांचा गोठाच म्हणा ना! पानांवर दिव्याच्या काजळीसारखा काळा थर दिसतो, तीही त्याच चिकट पाण्यावर वाढलेली बुरशी.

मग मुंग्यांना सोडून द्यायचे का? नाही. त्या आपल्या गोठ्याची राखण करतात. पाठीवर काळे ठिपके असलेला लाल ढालकिडा मावा खायला येतो, त्याला त्या हुसकावून लावतात. म्हणून दोन्हीकडून काम करायचे.

नळीच्या तोंडावर अंगठा धरून पाण्याची जोरदार धार देठांवर आणि पानांच्या खालून मारा. बराचसा मावा त्यानेच जातो. उरलेल्यासाठी एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य पातळ साबण आणि चमचाभर कडुनिंबाचे तेल घुसळून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलेत तर पाने करपतील. आधी एकाच फांदीवर करून दोन दिवस वाट बघा, मग आठ-आठ दिवसांनी दोनतीनदा करा. पिठ्या ढेकणाचे पुंजके जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावेत, फारच माखलेले शेंडे कापून टाकावेत. तुळशीला आणि कढीलिंबाला मात्र नुसती पाण्याची धार पुरे.

मुंग्यांची वाट अडवायला खोडाला जाड कागदाची पट्टी घट्ट बांधा आणि पट्टीवर व्हॅसलीन फासा. सालीला थेट फासू नका. एखादी फांदी भिंतीला किंवा कपड्यांच्या दोरीला टेकत असेल तर ती आधी छाटा, नाहीतर पट्टी खाली राहील आणि मुंग्या वरच्या वाटेने येतील. (माझ्याकडे महिनाभर हेच चालले होते, आणि मी व्हॅसलीनला दोष देत होते.) हळद-तिखटाने मुंग्या फक्त वळसा घालतात. उकळते पाणी फरशीच्या फटीत ठीक, झाडाच्या बुडाशी ओतलेत तर मुळे शिजतील.

कुंडीतच बीळ केले असेल तर माती फार कोरडी राहते, असे समजा. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे थांबतात आणि मुंग्या वर येतात. दूधकपाटाच्या पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवायचो, तशी कुंडीखाली विटेवर ताटली चालते. पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या जाऊन डासांची सोय व्हायची.

एवढ्यानेही घरात रांगा येतच राहिल्या तर अर्धा चमचा बोरिक पावडर, आठ चमचे साखर आणि कपभर कोमट पाणी एकत्र करा. त्यात कापसाचा बोळा भिजवून झाकणाला भोके पाडलेल्या डबीत ठेवा. बोरिक वाढवू नका. मुंगी वाटेतच मेली तर बिळात खाऊ पोचणार कसा? पहिले दोन दिवस रांग उलट मोठी होते, घाबरू नये. पण हेसुद्धा विषच आहे आणि मातीत सांडले तर झाडालाही बाधते. मिरजेच्या मैत्रिणीने घरात रांगते मूल असताना हा उपाय करूच नये. तिला धार आणि पट्टी पुरेल.

राजगिऱ्याचे बी पेरले की मुंग्या ते उचलून नेतात. त्या दिवसांत मी वाफ्यापासून दोन हात लांब, त्यांच्या बिळाशी, मूठभर पीठसाखर टाकते. बी उगवेपर्यंत त्या तिकडेच गुंतून राहतात. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या.

कळ्या धरू लागल्या की पत्र टाक गं.