नारळी पौर्णिमेपर्यंत मुदत : ट्रॉलरमालकांना जाहीर इशारा

मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावर छोट्या होड्या चालवणारे आणि कासवं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घरी उतरवून चार पैसे मिळवणारे आम्ही, ट्रॉलरमालकांना शेवटचं सांगत आहोत. येत्या नारळी पौर्णिमेपर्यंत कोळंबीच्या प्रत्येक ट्रॉल जाळ्यात टेड, म्हणजे कासवाला बाहेर काढणारी चौकट, बसवा. पुन्हा बैठक होणार नाही.

भरतीच्या रेषेवर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मरून पडते. पाठ अखंड, कुठे घाव नाही. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि तुमचं जाळं तासन् तास तळाशी ओढलं जातं. आणखी काय सांगायला हवं?

टेड म्हणजे खोळीच्या अलीकडे तिरकी बसवलेली गजांची चौकट. कोळंबी गजांमधून खोळीत जाते, कासव अडतं आणि फटीतून बाहेर पडतं. थोडी मासळीही निसटते, हे आम्हाला मान्य आहे. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडा. टेड नाही म्हणून २०१९ पासून अमेरिका भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही. आंध्रच्या तळ्यांत पोसलेल्या कोळंबीला मात्र ही बंदी नाही. अमेरिकेला आपल्या कासवांचा पुळका आलाय, अशा भ्रमात आम्ही नाही. तिथल्या मच्छीमारांना टेड सक्तीचं झालं, म्हणून इतरांवरही अट आली. या अटीविरुद्ध भारत जागतिक व्यापार संघटनेत भांडला, त्याचा निकाल १९९८ साली लागला. तेव्हापासून तुम्ही काय केलंत? गेलेली बाजारपेठ कासवांनी नेली नाही, तुमच्या हट्टानं नेली.

सरकारनंही कान उघडे ठेवावेत. टेडचा सगळा भार मालकावर टाकून हात झटकू नका. जाळं कापून कासव सोडणाऱ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे. ती रक्कम वेळेत द्या, नाहीतर पुढच्या वेळी कोण जाळं कापेल?

मुदत संपल्यावर टेड नसलेली बोट दिसली, की तिचा क्रमांक, तारीख आणि फोटो मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाईल. मेलेल्या प्रत्येक कासवाचा पंचनामा वन विभागाकडून करून घेऊ. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीचा गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं कैद आहे. मग ‘आपलाच माणूस’ म्हणत मध्यस्थीला कुणी आमच्या दारात येऊ नये.

खलाशांवर आमचा राग नाही. कुठलं जाळं टाकायचं, हे तांडेल-खलाशी ठरवत नाहीत. जाब मालकालाच विचारू.

पावसाळी बंदीत बोटी शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. चौकट तेव्हाच बसवून घ्या.